लांबची लेन्स

मला कुणी "जरा शांतपणानं घे" म्हटलं की माझं डोस्कं आणखीच फिरतंय, हे आधी सांगून ठेवते. ह्या लेन्सच्या भानगडीत हे वाक्य मला ज्यानं त्यानं ऐकवलंय. अम्मानं, धनपालभाऊंनी, पेपरच्या आण्णांनी, आन् सगळ्यात जास्त आमच्या अब्बांनी.

मंगळवार पेठेत आमचा स्टुडिओ हाय. पाटी अब्बांच्या नावाची, 'बाबालाल फोटो स्टुडिओ'. लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे फोटो काय, सगळेच काढत्यात. अब्बांचं नाव झालं ते कुस्तीच्या फोटोंनी. तीस वर्षांत मोठं मैदान त्यांनी एक चुकवलं न्हाय. हौदाच्या, म्हंजे कुस्तीच्या तांबड्या मातीच्या, अगदी काठावर त्यांची जागा ठरलेली. एक गुडघा जमिनीला टेकलेला, हातात कॅमेरा, वर फ्लॅश. पैलवानाची पाठ मातीला लागली की भक्कन उजेड, आन् दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली बारीक अक्षरात 'छाया: बाबालाल'.

मी मॅट्रिक झाल्यापासनं डार्करूममध्ये. मधी लग्न झालं, मिरजेला गेले, नवऱ्याचं आन् माझं एक दिवस जमलं न्हाय, परत आले. गल्लीनं काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. मी डार्करूमचं दार आतनं लावलं आन् कामाला लागले. अब्बांनी एका शब्दानं काय विचारलं न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायच्या फिल्मी माझ्या पुढ्यात ठेवल्या, एवढंच. त्यासाठी मी त्यांच्यावर जीव टाकते, आन् त्यांच्याशी भांडते पण मीच. घरात आमी दखनी उर्दू बोलतो, भांडण मात्र मराठीत. मराठीत भांडायला लई सोपं पडतंय.

एक्क्याऐंशी साली अब्बांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपबशीचा आवाज यायचा, मग फोटो हलायला लागले. लग्नात चालून जातंय, नवरा-नवरी पुतळ्यासारखी बसत्यात. कुस्तीत न्हाय चालत. दोन मैदानांचे फोटो पार वाया गेले. तवा पेपरात खेळाचं पान बघणारे आण्णा स्टुडिओत आले. माणूस भला, पण बोलायला फटकळ.

"नजीरा, मी बाबालालभाईंस्नी तोंडावर सांगू शकत न्हाय, म्हणून तुला सांगतो," ते म्हणाले. "आता पावसाळ्याच्या आधी एकच मैदान राहिलंय. ते कसं का हुईना, ढकलतो. दिवाळीनंतर मात्र नीट फोटो पायजेत. न्हायतर मला दुसरा माणूस बघावा लागंल."

"मी काढते की."

"तू?" आण्णा हसले. "आन् हौदाच्या काठावर बसणार?"

 त्यांचं चुकलं न्हवतं. आमच्याकडं बाई कुस्तीच्या मैदानात जात न्हाय. कुठं लिवलेलं न्हाय, पण सगळ्यास्नी पाठ हाय. फुटबॉलला मी जायचे, गोलच्या मागं बसून फोटो काढायचे, कुणी काय बोलायचं न्हाय. पोरं शिव्या द्यायची त्या मला न्हाय, रेफ्रीला. पण कुस्तीची गोष्ट वेगळी. तांबड्या मातीपाशी बाई नको म्हंजे नको.

पण ते काम दुसऱ्याकडं गेलं असतं तर अब्बा जागच्या जागी संपले असते. हात थरथरला ते त्यांनी सोसलं हुतं. 'छाया: बाबालाल' गेलं असतं, ते त्यास्नी सोसलं नसतं. म्हणून मी ठरवलं, मैदानात न्हाय ना येऊ देत, मग बाहेरनं काढू. मैदानाला लागून तेलाचे व्यापारी आप्पासो यांची तीनमजली इमारत हाय. तिच्या गच्चीवरनं सगळा हौद दिसतोय. फक्त लांबचं जवळ आणणारी लेन्स पायजे हुती.

आप्पासो म्हंजे धनपालभाऊंचे चुलते. आन् धनपालभाऊ म्हंजे आमचं जुनं गिऱ्हाईक. गुळाचा व्यापार, घर भरलेलं, आन् ह्या माणसाला खूळ जंगलाचं. महिन्यातनं दोनदा मोटारसायकलवरनं राधानगरीच्या पुढं दाजीपूरच्या जंगलात जायचे, गव्याचे फोटो काढायचे, आन् फिल्म धुवायला माझ्याकडं आणायचे.

त्या आठवड्यात आणली त्या फिल्मचे प्रिंट मी त्यांच्या पुढ्यात टाकले. "भाऊ, गवा कुठाय?"

"ते काय, झाडाखाली. काळं दिसतंय ते."

"हे व्हय? मला वाटलं फिल्मवर माशी बसली."

"हसू नगंस," ते म्हणाले. "लांब असतोय गं तो. लेन्स न्हाय माझ्याकडं तसली."

मग काय, दोघांची गरज एकच निघाली. दोघांच्या कॅमेऱ्यांना एकाच आट्यांची लेन्स बसायची. निम्मं तुमी, निम्मं आमी, असं बोलणं झालं. आणायची कुणी, त्याचीही सोय हुती. माझा मावसभाऊ इकबाल जहाजावर नोकरीला हाय. तो सुट्टीवर आलेला, सोमवारी परत निघणार हुता, आन् त्याचं जहाज सिंगापूरला लागायचं. त्यानं रंगीत पानांचं एक कॅटलॉग आणलं हुतं. त्यात बघून-बघून आमी दोन लेन्सांवर आलो.

एक शंभर ते तीनशेची. हा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ येतंय. दुसरी सत्तर ते दोनशे दहाची. ती तेवढं जवळ आणत न्हाय, पण तिचं भोक मोठं, साडेतीनचं. तीनशेवालीचं बारीक, पाच-सहाचं, म्हंजे पाच पॉइंट सहाचं. ह्यात आकडा लहान म्हंजे भोक मोठं. म्हंजे दुसरी लेन्स पहिलीच्या अडीच पट उजेड आत घेती. दोन्ही झूम. खेळाला आन् जनावराला झूमच लागती. पैलवान काय "थांब बाबा, लेन्स बदलते" म्हटल्यावर थांबत न्हाय, आन् गवा तर त्याहून न्हाय.

"एकच आणणार," इकबालनं बजावलं. "आणल्यावर ही नको ती पायजे म्हणालीस तर दोघींस्नी समुद्रात टाकीन. तुला आन् लेन्सला."

लेन्स न बघता कशी निवडायची? त्याला डार्करूममधल्या माणसाची एक युक्ती हाय. पुठ्ठ्याला निगेटिव्हच्या मापाचं भोक पाडायचं. ते डोळ्यापासनं वीस सेंटिमीटरवर धरलं की दोनशेची लेन्स जेवढं बघती तेवढंच भोकातनं दिसतंय. तीस सेंटिमीटरवर धरलं की तीनशेची. मी पुठ्ठ्याला दोरा बांधला, दोऱ्याला दोन गाठी मारल्या, आन् सकाळी-सकाळी आप्पासोंच्या गच्चीवर गेले. गाठ गालाच्या हाडाला टेकवायची, एक डोळा झाकायचा आन् बघायचं. आप्पासोंच्या घरातल्या पद्मावतीकाकू वाळवण घालत हुत्या, त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"काय गं, डोळ्याला काय झालं?"

"लेन्स निवडाय लागलीया, काकू."

"पुठ्ठ्याची?" त्या म्हणाल्या, आन् पापड उलथायला लागल्या.

हौदात चार पोरं फावड्यानं माती उकरत हुती. पहिल्या गाठीला भोकात पोरं मुंगीएवढी. दुसऱ्या गाठीला भोक लहान पडलं, आन् फावड्यासकट पोरांनीच ते बरंचसं भरलं. तोच पुठ्ठा घेऊन धनपालभाऊ दाजीपूरला जाऊन आले. म्हणाले, "तीनशेला पण लहानच दिसतोय, पण गवा हाय एवढं तरी कळतंय." झालं, तीनशेवर शिक्का बसला. मी खूश. अब्बांस्नी सांगितलं, त्यांनी मान हलवली. अम्मा लालबी तर दोनदा म्हणाली, "गच्चीवरनं म्हंजे बरं बाई. कुणाच्या नजरेत न्हाय."

इकबाल निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, पावसाळ्याआधीचं शेवटचं मैदान हुतं. अब्बा नेहमीसारखे दुपारीच पिशवी घेऊन गेले. मी म्हटलं, चला, आपणही गच्चीवर बसून रंगीत तालीम करू. कॅमेरा, उजेड मोजायचं मीटर आन् पुठ्ठा घेऊन वर गेले.

मैदानाची रीत ज्यानं बघितलीया त्याला म्हाईत हाय. आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या. मग मधल्या जोड्या. मग पावण्यांस्नी फेटे बांधायचे, नारळ द्यायचे, एक पावणा बोलून थांबला की दुसरा बोलायला उठतोय. एक नंबरची जोड सगळ्यात शेवटाला. लोक दुपारपासनं दगडी पायऱ्यांवर बसलेले असत्यात ते त्या एका कुस्तीसाठी. ती लागली तवा दिवस मावळायला आला हुता.

मी पुठ्ठा डोळ्याला लावून बघत हुते. खालचा पैलवान वर आला, वरचा खाली गेला, गलका झाला. एकाची पाठ लागली. आन् मग भक्कन उजेड झाला. मग. पडून झाल्यावर. पैलवान उठायला लागला तवा अब्बांचा फ्लॅश उडाला.  बोट पण वेळेवर चालंना झालं हुतं त्यांचं.

पण त्या फ्लॅशनं आणखी एक गोष्ट दाखवली. तो उजेड झाला आन् विझला, तवा कळलं की हौदात केवढा अंधार पडलाय. डोळ्याला सवय झालेली असतीया, कळत न्हाय. मी मीटर बघितलं. चारशेची फिल्म, पाच-सहाचं भोक, आन् सुई कुठं? तिसावर. सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात पैलवानाचा फोटो काढला तर पैलवान येत न्हाय, नुसतं धुकं येतंय.

मी पुठ्ठ्यानं लांबी मोजली हुती. उजेड मोजलाच न्हवता. सकाळच्या उन्हात फावड्यावरची पोरं बघितली आन् खूश झाले. आन् आमच्या घरात हे कुणाच्या डोक्यात तरी कसं येणार? तीस वर्षं अब्बांनी आपला उजेड आपल्यासंगं नेला. दिवस मावळला काय आन् न मावळला काय, त्यांस्नी फरकच पडला न्हाय. गच्चीवरनं फ्लॅश मारायचा म्हंजे बॅटरी मारून पन्हाळा दाखवायचा.

तशीच खाली उतरले आन् सरळ धनपालभाऊंच्या घरी गेले. ते जेवून झोपाळ्यावर बसले हुते. राजमतीवहिनींनी पाणी दिलं. मी पाणी पण प्याले न्हाय.

"भाऊ, गवा पाण्यावर किती वाजता येतोय?"

"गार्ड म्हणतोय, दिवस मावळताना. कळपच्या कळप येतोय म्हणे. अगदी जवळ."

"म्हणतोय म्हंजे? तुमी बघितलं न्हाय?"

"मी कुठनं बघणार? मी चारला निघतोय की."

"का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काय मीच खुळी. "का म्हंजे? दिवस मावळायच्या आत जेवायला नको?"

या अल्ला. माझ्या ध्यानातच आलं न्हवतं. जैनाचं घर, दिवस बुडाल्यावर तोंडात घास घालत न्हाईत. एवढी वर्षं हा माणूस भर दुपारी जंगलात बसायचा, गवा तवा लांब सावलीला पडलेला असायचा, आन् तो उठून पाण्यावर यायच्या टायमाला हे मोटारसायकलला किक मारून घराकडं. गवा लांब न्हवताच. हेच थांबत न्हवते.

आतनं वहिनी बाहेर आल्या. "मी काय कमी सांगितलं व्हय? डबा देते म्हटलं. चारला तितंच झाडाखाली बसून जेवा आन् मग बसा अंधार पडंस्तोवर. तर म्हणत्यात, गार जेवण नको, गरम भाकरी पायजे."

धनपालभाऊ झोपाळ्याच्या कडीकडं बघायला लागले.

"म्हंजे ह्या गरम भाकरीपायी आपण तीनशेची लेन्स आणायला निघालो हुतो," मी म्हटलं.

"शांतपणानं घे गं जरा."

"शांतपणानं काय घेऊ? भाऊ, कुस्ती पण दिवस मावळताना, गवा पण दिवस मावळताना. आपल्याला लांबी नकोय, उजेड पायजे. साडेतीनची घ्यायची."

 धंद्यातला माणूस, हिशेब लगेच कळतोय. "माझं ठीक हाय," म्हणाले, "मी डबा नेईन, पाण्याजवळ लपून बसेन. पण तुझं काय? दोनशेनं गच्चीवरनं पैलवान मुंगीएवढा दिसतोय, तूच म्हणालीस."

"मग गच्चीवरनं न्हाय काढायचा."

बोलून गेले खरी, आन् मग माझी मलाच भीती वाटली. त्या लेन्सनं फोटो काढायचा तर एकच जागा उरत हुती. मैदानाच्या आत, खालच्या पायऱ्यांवर.

घरी आले तर अब्बा पिशवी न उघडता बसलेले. मी सगळं सांगितलं. तीस, पाच-सहा, साडेतीन, सगळं. ते ऐकत हुते. पायऱ्यांवर बसून काढणार म्हटल्यावर मात्र उठले.

"न्हाय."

"अब्बा, मी मातीला शिवणार न्हाय. काठावर पण येणार न्हाय."

"न्हाय म्हटलं ना. मला लोक हसले तर चालंल. तुला बोलतील ते मला ऐकवत न्हाय."

"मिरजेसनं आले तवा बोललेच की सगळे. तवा कसं ऐकलंसा?"

हे मी बोलायला नको हुतं की पायजे हुतं, मला आजबी कळत न्हाय. अब्बांनी न उघडलेली पिशवी तशीच फळीवर ठेवली. अम्मानं मला दाराकडं ओढलं, "जरा शांतपणानं" म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. लई रडू येत हुतं. त्यांच्या बाजूनं म्हणून एवढा आटापिटा करत हुते, आन् तेच नको म्हणत हुते.

सकाळी एसटी स्टँडवर इकबालनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. "शेवटचं विचारतो. कुठली?"

लांबची आणली असती तर घरात शांतता, गच्चीवर इज्जत, आन् दिवाळीनंतर पेपरात धुकं. दुसरी आणली तर काय हुईल, अल्लाला म्हाईत.

"आखूड. साडेतीनची," मी सांगितलं.

"नक्की?"

"जा गप."

सगळा पावसाळा अब्बा माझ्याशी कामापुरतं बोलले. फिक्सर संपलाय, पावडर आण, एवढंच. लेन्स आली दिवाळीच्या पुढं-मागं. काळी, जड, हातात धरल्यावर मनगट दुखंल अशी. पहिली पाळी धनपालभाऊंस्नी दिली. ते डबा घेऊन दाजीपूरला गेले आन् दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडताच आमच्याकडं आले. 

मी फिल्म जरा जास्त वेळ ताणून धुतली, म्हंजे अंधारातलं पण वर येतंय. प्रिंट ट्रेमध्ये टाकला. आधी शिंगं आली. मग कपाळ. मग ओलं नाक, त्याच्यावरनं पाण्याचा थेंब लोंबकळतोय. गवा पाणी पिताना मान वर करून सरळ बघत हुता. धनपालभाऊ डार्करूमच्या लाल उजेडात उभ्या-उभ्या रडले. "बारा वर्षं," म्हणाले, "बारा वर्षं मी भाकरी खायला घरी गेलो गं."

तो प्रिंट वाळत घातला हुता तवा अब्बा आले. त्यांनी तो काढून हातात घेतला. हात थरथरत हुता, प्रिंट हालत हुता, दिसंना. मग काउंटरवर सपाट ठेवला, दोन्ही हात मागं बांधले आन् वाकून बघत राहिले.

"वेळ कुठली?"

"दिवस मावळल्यावर."

"फ्लॅश?"

"न्हाय."

ते आणखी खाली वाकले. गव्याच्या नाकावरचा थेंब बघत असतील. मग चष्मा काढून पुसला. "मैदान कवा हाय?" त्यांनी विचारलं.

मैदान रविवारी हुतं. शाहूवाडीचा पैलवान कृष्णात एक नंबरला लढणार, सोलापूरकडच्या मल्लाशी. दुपारी अब्बांनी काळी टोपी घातली, पिशवी मात्र माझ्या खांद्यावर दिली.  मैदानाच्या दारात गणपतराव उभे. जुने पैलवान, कान मोडलेले, मैदानाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं.

"या बाबालालभाई," ते म्हणाले आन् मग मला बघितलं. "पोरगी कुठं?"

"आत."

"खुळं झालासा काय? बाई कवा मैदानात आलीया व्हय?"

अब्बांनी उजवा हात त्यांच्या पुढं धरला. पंजा पसरून. चारचौघांत ते हात खिशात ठेवायचे, तो हात त्यांनी भर दारात, लोकांच्या देखत तसाच धरून ठेवला, आन् तो थरथरत राहिला.

"बघा गणपतराव. ह्या हातानं तुमचा गदा घेतलेला फोटो काढलाय. तुमच्या सोप्यात लावलाय तो. आता ह्या हातानं फोटो निघत न्हाय. तिच्या हातानं निघतोय. ती हौदाजवळ येणार न्हाय, मातीला शिवणार न्हाय. पायरीवर बसणार. तिला न्हाय म्हणत असला तर तसं सांगा, आमी दोघंबी माघारी जातो."

गणपतरावांनी त्या हाताकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं. "लोक बोंब मारतील वो."

"मारू द्यात की," माझ्यानं राहवलं न्हाय. "कुस्तीला येऊन बोंब मारायची न्हाय तर काय भजन करायचं?"

मागची दोन-तीन माणसं फस्सकन हसली. गणपतरावांच्या मिशा पण हालल्या. "तोंड बापाचं न्हाय हिचं," म्हणाले. "बसा जावा. पण पायरीवरच."

अब्बांस्नी हौदाच्या काठावरची जागा तशीच राखून ठेवली हुती, गोणपाट घालून. ते तिकडं गेले न्हाईत. माझ्याबरोबर तिसऱ्या पायरीवर आले. शेजारच्यांनी आधी नाकं मुरडली, मग कुजबुज झाली, मग एकजण ओरडला, "ओ चाचा, तोफ आणलीसा काय?" दुसरा म्हणाला, "बाईमाणूस हाय रं, नीट बोल." आन् थोडं सरकून जागा झाली. बारक्या पोरांच्या कुस्त्या लागल्यावर कुणाला माझी आठवण राहिली न्हाय.

दिवस कलला. फेटे झाले, नारळ झाले, भाषणं झाली. मी मीटर बघत हुते, सुई खाली-खाली चाललेली. साडेतीनवर कसंबसं एकशे पंचवीस मिळत हुतं, तेही फिल्म ताणून धुणार म्हणून. कृष्णातनं शड्डू ठोकला, सलामी झाली, आन् मी लेन्स डोळ्याला लावली. दोनशेवर नेली तर सगळं हालायला लागलं. लेन्स जड, त्यात माझे हात भीतीनं गार पडलेले. तिवईला त्या गर्दीत जागा न्हवती. डोळ्यापुढं पैलवान नाचत हुता. मी मनात म्हटलं, संपलं. एवढं करून माझाच फोटो हालणार.

"अब्बा, धरवंना झालीया," मी म्हटलं. आवाज रडका निघाला.

त्यांनी वळून बघितलं, लेन्सकडं, माझ्या हाताकडं. मग उठले आन् माझ्या पुढच्या पायरीवर, अगदी माझ्या गुडघ्यांपुढं, पाठ करून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. हात मांड्यांखाली दाबून धरले.

"ठेव," म्हणाले.

"कुठं?"

"खांद्यावर. हात थरथरतोय, खांदा न्हाय."

मी लेन्स त्यांच्या उजव्या खांद्यावर टेकवली. थांबली. कृष्णातच्या कानाला लागलेली माती दिसायला लागली. खडाखडी चालली हुती. अब्बांस्नी कॅमेऱ्यातनं बघायची गरज न्हवती, तीस वर्षं बघितलेलं हुतं. ते हळू आवाजात सांगत हुते, "न्हाय, अजून न्हाय... हा नुसता झोंबतोय... बघ, डावा गुडघा खाली घेतोय तो. कलाजंग टाकणार. आता."

कृष्णात खाली वाकला आन् त्यानं तो सोलापूरचा गडी आडवा खांद्यावर घेतला. तवाच अब्बांची पाठ एकदम ताठ झाली, खांदा दगडासारखा झाला. मी खटका दाबला, फिल्म ओढली, परत दाबला, परत ओढली. गडी हवेत, गडी उलटा, गडी मातीत. माझ्या लेन्सला एवढासा धक्का बसला न्हाय.

मग एकच आवाज झाला. सगळं मैदान उठलं, फेटे वर उडाले, मागची माणसं आमच्या अंगावरनं हौदाकडं धावली. मी कॅमेरा पोटाशी धरून खाली वाकले. अब्बा मात्र तसेच बसलेले. हलंनात. मान ताठ, तोंड लाल झालेलं. मला धसका बसला. मी त्यांचा खांदा धरून हलवला.

"अब्बा! झाली कुस्ती. मिळाला फोटो. अब्बा?"

त्यांनी मान न वळवता, ओठ जेमतेम हलवत विचारलं,

"श्वास घेऊ का गं आता?"